सहा ते नऊ महिने

नाव : लवू आत्माराम खवणेकर. लिंग : पुरुष. वय : अदमासे पंचेचाळीस. धर्म : हिंदू. व्यवसाय : बोटीवरचा आगवाला. कायमचा पत्ता : मुक्काम खडपेवाडी, तालुका देवगड, जिल्हा रत्नागिरी. बांधा : किरकोळ. ओळखीची खूण : उजव्या कोपरावर भाजल्याचा जुना डाग. वारस : पत्नी नर्मदा, कन्या शेवंती. केलेली क्रिया : डावे फुफ्फुस काढले. शेरा : गाठ संपूर्ण काढता आली नाही, हृदयालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला भाग जागीच ठेवला. प्रकृती : समाधानकारक. अपेक्षित आयुर्मान : सहा ते नऊ महिने. सूचना : धूर वर्ज्य, श्रम वर्ज्य, शंभर पावलांपलीकडे चालणे वर्ज्य. रुग्णास निदान कळवू नये.

हा कागद मुळात इंग्रजीत होता. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाने तो १९५५ सालच्या मार्चमध्ये लवूच्या मेव्हण्याच्या, म्हणजे सत्यवानच्या, हातात दिला. सत्यवान गोदीच्या कचेरीत कारकून होता आणि खडपेवाडीच्या गोतावळ्यात इंग्रजी वाचता येणारा तेवढा तोच. इस्पितळाच्या जिन्याखालच्या बाकावर बसून त्याने तो बहिणीला मराठीत करून सांगितला. 'प्रकृती समाधानकारक' हे ऐकून नर्मदेला बरे वाटले, आणि पुढची ओळ येईपर्यंत ते तसेच वाटत राहिले.

"ताये, मन घट कर," सत्यवान म्हणाला. "भावोजी चतुर्थी बघतीत. दिवाळी काय बघूचे नाय."

शेवटच्या सूचनेवर दोघा बहीणभावंडांचे तिथल्या तिथे एकमत झाले. ज्याचे मरण त्यालाच सगळ्यांत शेवटी कळवायचे, ही आपल्याकडची रीत इस्पितळालाही ठाऊक होती असे दिसते. लवूला सांगण्यात आले की सडका भाग सगळा काढून टाकला, आता गावी जाऊन समुद्राची हवा घ्या. लवूने मान हलवली. बावीस वर्षे आगबोटीच्या पोटात कोळसा मारताना त्याला नेमकी समुद्राची हवाच तेवढी मिळाली नव्हती. चार तास भट्टीसमोर, आठ तास विश्रांती आणि विश्रांतीत विड्या, असा त्याचा जन्म गेला होता.

आगबोट देवगडच्या बंदरात लागली तेव्हा त्याला पडावात, किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, उतरवायला दोघे खलाशी पुढे झाले. त्यांना बाजूला सारून तो आपला आपण उतरला आणि ट्रंकेवर बसून पाच मिनिटे धापा टाकत राहिला. किनाऱ्यावर वाडी जमली होती. काय झाले, काय काढले, किती काढले, ह्या चौकशा सुरू झाल्या. लवूने दम परत येऊ दिला आणि सगळ्यांना मिळून एकच उत्तर दिले : "दोन होते. आता एका बायलरार चलतंय." माणसे हसली. नर्मदाही हसली, कारण न हसती तर कोणीतरी तिच्या तोंडाकडे पाहिले असते.

तिने तो कागद जुन्या लुगड्याच्या धांदोटीत गुंडाळून भाताच्या कणगीत, तळाशी, घालून ठेवला. तिला अक्षरओळख नव्हती. पण कागदात काय आहे ते ती झोपेतही म्हणू शकली असती.

आता प्रश्न शेवंतीचा होता. ती लवू-नर्मदेची एकुलती एक मुलगी; त्या सालात सतराची. जामसंड्याच्या एका घरात तिचे जवळजवळ ठरल्यासारखे होते. मुलगा मास्तरकीचे शिक्षण घेत होता, आणि ते पुरे व्हायला दोन वर्षे होती. तोवर थांबू या, असे दोन्हीकडून बोलणे झाले होते. मुलाने शेवंतीला जत्रेत एकदा पाहिले होते, आणि शेवंतीने त्याला पाहिलेच नाही असे ती सांगत असे. थोडक्यात, सगळे जिथल्या तिथे होते. फक्त त्या दोन वर्षांत सहा महिने कुठे बसवायचे ते नर्मदेला कळेना.

घरात मृत्यू झाला की वर्षश्राद्धापर्यंत मंगलकार्य नाही. वर्षानंतर मुलगी अठरा ओलांडणार, बाप नाही, भाऊ नाही, पाठीशी मुंबईतला एक मामा. तोवर जामसंडेकरांचा शब्द टिकेल ह्याची खात्री कोणी द्यावी? त्यांना खरे सांगून लगेच लग्न उरकावे, तर मरणाऱ्या बापाची मुलगी करून घेऊन मागून विधवा सासू पदरात कोण घेतो? शिवाय जामसंड्याहून खडपेवाडीला यायला बातमीला एका रात्रीपेक्षा जास्त वेळ लागत नाही. आज तिथे बोललेले उद्या लवूच्या कानावर आले असते. तेव्हा सत्यवानने मुंबईहून पत्र टाकून दुसरे स्थळ काढले : खारेपाटणचा गणपत, बंदरावर सुक्या मासळीचा आणि सुंभाचा धंदा, वय छत्तीस, दुजवर, पहिलीची दोन मुले. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि घरात बाईमाणूस नव्हते, त्यामुळे त्यालाही घाई होती. ह्या स्थळाचा सगळ्यांत मोठा गुण म्हणजे ही घाई. वैशाखातला मुहूर्त त्याला चालत होता.

लवूला ते चालेना. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, तो खाटेवर बसून असे; तिथे बसून त्याने साफ नाही म्हणून सांगितले. माझी एकुलती एक पोर दुजवराला का द्यायची, मी काय मरायला टेकलोय? दोन वर्षांनी मास्तर होणारा मुलगा हातात असताना ह्या सुक्या बांगड्याची घाई कोणाला झाली आहे? मी आता बरा झालोय, दोन वर्षांनी चांगला मांडव घालू. एवढे बोलताना त्याला तीनदा थांबावे लागले, आणि प्रत्येक वेळी थांबून झाल्यावर तो नव्या जोमाने बरा झाला होता.

नर्मदेने आठवडाभर सगळे उपाय केले. गरिबी सांगितली, गावची तोंडे सांगितली, स्वतःची दुखणी सांगितली. लवू ऐकेना. चैत्र संपत आला. मुहूर्ताला वीस दिवस उरले. आणि एका दुपारी, शेवंती विहिरीवर गेलेली असताना, नर्मदा खाटेजवळ येऊन उभी राहिली आणि आपण काय बोलतो आहोत हे पुरते ठाऊक असताना बोलली.

"पोरीचा नाव झालाहा."

नाव होणे म्हणजे बदनामी होणे. कोणाबरोबर, ते लवूने विचारले, "कोणावांगडा?"

ह्या प्रश्नाची तयारी नर्मदेने केली नव्हती. जिवंत मुलाचे नाव घ्यावे तर लवू उठून त्याच्या दारात जाईल. शंभर पावलांची मर्यादा त्याला कोणी सांगितली नव्हती. तिला एकदम काशीबाईचा बाबली आठवला. शेजारच्या काशीबाईचा एकुलता मुलगा, गेल्या आश्विनात मचवा उलटून बुडाला होता. मेलेल्या माणसाला जाऊन कोणी विचारू शकत नाही.

"बाबलीवांगडा," ती म्हणाली. "काशीबायच्या. मांगरात बघल्यानी लोकांनी."

मांगर म्हणजे बागेतली गवत-लाकडे ठेवायची झोपडी. तिथे शेवंती रोज दोनदा लाकडे आणायला जात असे, लाकडांसाठीच. लवूने समुद्राकडे तोंड केले. संध्याकाळी त्याने सत्यवानला पत्र लिहवून घेतले की मुहूर्त धरावा.

लग्न झाले. कन्यादान लवूने स्वतः केले. निघताना शेवंती पाया पडली तेव्हा त्याने पाय मागे घेतले. फार नाही, बोटभर. ते नर्मदेने पाहिले आणि शेवंतीने पाहिले. बाकीच्यांचे लक्ष पडावावर सामान चढवण्याकडे होते.

नर्मदेने मनाला समजावले की हे सहा महिन्यांपुरते आहे. ती थाप तिने तेवढ्याच बेताने मारली होती. चतुर्थी जाईल, दिवाळीच्या आत तो जाईल. जाताना शेवंती येऊन त्याच्या तोंडात पाणी घालील. मरणाऱ्या बापाच्या मनात राग राहत नाही. आणि राहिलाच तर त्याच्याबरोबर जाईल. शेवंतीला ते कधी कळायचे नाही. बाबली तर आधीच गेलेला. कोणाचेच काही बिघडत नव्हते.

चतुर्थी गेली. दिवाळी आली. नरक चतुर्दशीच्या पहाटे नर्मदेने नवऱ्याच्या अंगाला तेल लावले. डाव्या कुशीत, बरगड्या काढलेल्या होत्या तिथे, तिची चार बोटे आत बुडाली. त्याच्या पाठीवरचा व्रण सुपारीच्या पोयीसारखा, फुलोऱ्यावरच्या वाळल्या सालीसारखा, कोरडा आणि घट्ट झाला होता. मांस भरत होते. तिने उटणे चोळले, आरती ओवाळली, आणि चुलीपुढे जाऊन बसल्यावर तिच्या ध्यानात आले की आपण नवरा जिवंत आहे ह्या गोष्टीने घाबरलो आहोत.

नऊ महिने पुरे झाले. मग बारा झाले. ज्या वर्षात लग्न करता येणार नाही म्हणून शेवंतीला उजवून टाकले होते ते वर्ष संपले आणि घरात श्राद्ध झाले नाही. दोन वर्षांनी जामसंड्याचा मुलगा मास्तर झाला. ज्या मुहूर्तावर लवू चांगला मांडव घालणार होता त्या सुमारास मास्तराचे लग्न कुडाळच्या मुलीशी झाले. आमंत्रण खवणेकरांकडेही आले. लवू गेला नाही. त्या दिवशी तो खाटेवर बसून नारळाची सोडणे सोलत होता, आणि एकदा फक्त म्हणाला, की बरे झाले, चांगल्या घरात खोटे नाणे गेले नाही.

नर्मदेच्या हातातले भांडे तसेच राहिले. सांगून टाकावे असे तिला त्या दिवसापासून वाटू लागले. पण सांगायचे म्हणजे काय काय सांगायचे? शेवंतीवर आळ घेतला तो खोटा, हे सांगितले की का घेतला ते सांगायला हवे. का घेतला ते सांगितले की कागद सांगायला हवा. आणि कागद सांगितला की हा माणूस, जो आपण बरे झालो ह्या समजुतीवर उभा आहे, तो तिथेच बसेल. डॉक्टरने लिहिलेच आहे. मुलीचे नाव धुवायचे तर नवऱ्याला मारावे लागत होते, आणि नवरा जगवायचा तर मुलीवरचा आळ तसाच राहत होता.

तिने देवाला विचारायचे ठरवले. गावच्या देवळात कौल लावतात. पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न मांडायचा, उजवी पाकळी आधी पडली तर होकार. अडचण एवढीच की प्रश्न गुरव मांडतो आणि मोठ्याने मांडतो, सभामंडपातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. नर्मदा म्हणाली, एक गोष्ट सांगायची की नाही ते विचारा. गुरव म्हणाला, कोणती गोष्ट, कोणाला; देवाला मोघम चालत नाही. मागे चार बायका बसल्या होत्या. नर्मदेने क्षणभर विचार करून सांगितले की गाय विकायची की ठेवायची ते विचारा. देवाने गाय ठेवायला सांगितले. ती तशीही विकायची नव्हती.

लवू दरम्यान खाटेला कंटाळला होता. तिसऱ्या वर्षी तो खाडीकाठच्या चुन्याच्या भट्टीवर जाऊन बसू लागला. शिंपले आणि लाकडे थरावर थर रचून ती पेटवत, आणि धग कमीजास्त झाली की सगळा घाणा वाया जाई. लवूने तिथल्या माणसाला दोन दिवस चुकताना पाहिले, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातली सळई घेतली आणि परत दिली नाही. आगवाल्याला आग भेटली होती. तिथला धूर पिवळा आणि जड असे, माणसाला दुरून खोकला येई. लवू त्यात चार तास बसून घरी येई आणि आठ तास निजे. कागदातली पहिली सूचना अशी गेली. दुसरी तिच्या मागोमाग गेली.

भट्टीला शिंपले पुरवणाऱ्यांत काशीबाई होती. बाबली बुडाल्यापासून ओहोटीला खाडीत उतरून शिंपले वेचण्याशिवाय तिला दुसरे साधन नव्हते. लवू तिच्या टोपल्या घेई, पण तिच्याशी बोलत नसे. टोपली सगळ्यांची पायाने जवळ ओढी, तिची ओढताना जरा जास्त जोराने ओढी. काशीबाईने एकदा नर्मदेला विचारले, की भावोजींचा माझ्यावर कसला राग, माझ्या बाबलीला तर ते लहानपणी कडेवर घेऊन फिरायचे. नर्मदेने सांगितले, की आजारी माणूस, चिडचिड करतो. आजार ही मोठी सोयीची वस्तू झाली होती. तिच्यामागे वाटेल ते झाकता येत होते.

शेवंती दर चतुर्थीला माहेरी येई. आधी एकटी आली, मग एका मुलाला घेऊन, मग दोघांना. भट्टी हाती आल्यापासून, ती आली की लवू जेवणाचा डबा घेऊन भट्टीवर जाई आणि ती परत जाईपर्यंत तिथेच राही. नातवंडांना मात्र तो भट्टीवर बोलावून घेई. पांढऱ्या राखेत नारळाच्या करवंट्या पुरून त्यांना रताळी भाजून देई. मुले परत येऊन आईला आजोबांच्या गमती सांगत. शेवंती ऐकत असे, आणि मुलांच्या अंगावरची राख झटकत असे, गरजेपेक्षा बराच वेळ.

खारेपाटणला ती सुखात नव्हती, पण दुःखात होती असे म्हणण्याजोगे कोणाला काही दाखवता आले नसते. गणपत मारत नसे. तो फक्त काम मोजत असे. सासूचे हगणेमुतणे, सवतीची दोन, स्वतःची दोन, आणि वखारीतली मासळी उन्हात घालणे-काढणे, ह्यात तिची पाठ सहा वर्षांत वाकली. तिसऱ्या बाळंतपणात मूल गेले आणि अंगावरून जाणे थांबेना. गणपतने सुईण बदलली, मग वैद्य आणला, मग खडपेवाडीला माणूस पाठवला. निरोप असा होता, की शेवंती बाबांना बघू म्हणते.

१९६१ सालचा मार्गशीर्ष होता. लवू भट्टीवर होता. निरोप ऐकून त्याने सळईने दोन निखारे पुढे ओढले, दोन मागे सारले. मग खारेपाटण फार लांब आहे, मला एवढा प्रवास झेपायचा नाही, असे म्हणाला. आपल्या फुफ्फुसाचे कारण त्याने पुढे केले ते सहा वर्षांत ह्या एकदाच.

नर्मदा एकटी गेली. विजयदुर्गाहून खाडीने पडावातून जाताना तिने ठरवले होते, की शेवंतीला सगळे सांगायचे. निदान तिला. माजघरात अंधारी जागा बघून शेवंतीला निजवले होते. तिचे ओठ पांढरे पडले होते. आईच्या मागे आणखी कोणी आत येते का, तिकडे ती जरा वेळ बघत राहिली. मग तिने विचारले.

"आये, बाबा माझ्याशी बोलत कित्याक नाय? माझा काय चुकला?"

आणि नर्मदेला ते झाले नाही. मरणाऱ्या मुलीला, तुझ्यावर मीच आळ घातला, हे सांगायला तोंड उघडले आणि त्यातून सवयीने कागदच बाहेर पडला.

"डाक्टरान बोलूक मना केल्यान हा. तेंका दम लागता."

"सहा वर्सां?" शेवंती म्हणाली.

ती भिंतीकडे तोंड करून निजली. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिचे दिवसवार गणपतने रीतसर केले. नर्मदा तेरावा आटपून परत आली, तेव्हा लवू खळ्यात बसला होता. त्याने हजामत केली नव्हती. भट्टी तेरा दिवस थंड होती, असे तिला नंतर कळले.

आता सांगून कोणाचे भले होणार नव्हते. कोणाचे वाईट व्हायचेही उरले नव्हते. नर्मदा कणगीशी गेली, भात उपसून तळातून धांदोटी काढली आणि कागद आणून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. मग उभ्याउभ्याच सगळे सांगितले. जिन्याखालचा बाक, सत्यवान, न काढता आलेली गाठ, सहा ते नऊ महिने. ते ऐकून तो आता छाती धरील, आडवा होईल, अशा तयारीने ती एक पाऊल पुढे सरकून उभी होती.

लवूने कागदाला हात लावला नाही.

"ता माका ठावक होता," तो म्हणाला.

नर्मदेला वाटले आपण नीट ऐकले नाही.

"वार्डातल्या पेद्रून सांगल्यान. ऑपरेशनाच्या तिसऱ्या दिवसा." पेद्रू हा इस्पितळातला गोव्याचा नोकर, पलंग ओढताना दोघांची गट्टी जमली होती. लवूने त्याला सरळ विचारले होते आणि त्याने सरळ सांगितले होते. सूचना डॉक्टरांना होती, नोकराला कोणी दिली नव्हती.

"माका बोललास कित्याक नाय?" नर्मदेने विचारले.

"तुका धक्को बसात म्हणान."

गाय हंबरली. तिला दावणीला चारा टाकायचा राहिला होता, पण दोघांपैकी कोणी हलले नाही. लवूने मग एकेक शब्द सावकाश काढला, दम पुरवून पुरवून. "दुजवराक नको म्हटलंय, ता तुका दाखवूक. माका घाई नाय, मी बरो आसंय, असा तुका वाटाक होया म्हणान. तू आणखी चार दिवस मागे लागलं असतंस, तर मी हो म्हणतलंय होतंय."

म्हणजे थाप लागलीच नसती. तेच स्थळ, तोच मुहूर्त, तीच माणसे. शेवंतीचे लग्न तिथेच झाले असते. फक्त बापाने पाय मागे घेतले नसते. नर्मदेने अजून ती गोष्ट सांगितलीच नव्हती. आता सांगितली. मांगर खोटा, लोक खोटे. बाबलीने शेवंतीकडे कधी मान वर करून बघितले नव्हते. नाव लागत होते म्हणून घेतले.

लवू उठला. ती बाजूला झाली. तो मारील असे तिला वाटले, आणि तसे झाले असते तर बरे झाले असते असेही वाटले. तो नुसता मागीलदारी गेला, लाकडांचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि काशीबाईच्या दारात नेऊन टाकला. काशीबाईने विचारले, हे कसले? तो म्हणाला, उरलेली आहेत. त्यानंतर दर महिन्याला तिच्या दारात एक भारा उरत असे.

त्यानंतर त्या घरात दोन माणसे पाच वर्षे राहिली. भांडण झाले नाही. मीठ लागते, लाकडे ओली आहेत, गाय आटली, एवढे बोलणे होत होते. नर्मदेने एकदाच विचारले की माझ्यावर राग आहे का. लवू म्हणाला, आपल्याला वेळेवर मरता आले नाही, दुसऱ्यावर कसला राग.

कागद आता कणगीत नव्हता; तो माजघरातल्या फळीवर, पंचांगाखाली होता. १९६३ मध्ये खोकला वाढला म्हणून लवू तो घेऊन देवगडच्या दवाखान्यात गेला. तिथल्या तरुण डॉक्टराने डाव्या बाजूला नळी लावली, काही ऐकू येईना म्हणून सरकवून पुन्हा लावली. लवूने त्याला सांगितले, की थंय कोण रवणा नाय, राहणारा काढून टाकला. डॉक्टराने मग कागद वाचला, वरची तारीख पाहिली, लवूकडे पाहिले आणि हा कागद तुमचा नसावा असे मत दिले. तरी माणूस कामसू होता. त्याने मुंबईला पत्र घातले. दोन महिन्यांनी उत्तर आले, की इस्पितळाच्या नोंदीप्रमाणे सदर रुग्ण १९५५ अखेर मयत झाला असून त्याची फाइल बंद करण्यात आली आहे. डॉक्टराने ते लवूला वाचून दाखवले आणि खोकल्याचे औषध दिले.

गाठ होती तिथेच होती. ती वाढली का नाही, ह्याचे कारण कोणी सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. वाडीतले लोक म्हणत, की नर्मदेचे कुंकू बळकट. वटपौर्णिमेला नव्या सुना तिच्या पाया पडून जात. ती त्यांच्या ओट्या भरी आणि काही बोलत नसे.

१९६६ च्या आश्विनात नर्मदेला ताप आला. देवगडचा डॉक्टर आणायला माणूस निघाला, तोवर ती बेशुद्ध झाली, आणि चौथ्या दिवशी दुपारी गेली. बायका जमल्या. तिला हिरवे लुगडे नेसवले, मळवट भरला, ओटी भरली. सवाष्ण गेली, भाग्याची गेली, असे जी ती म्हणत होती. काशीबाईही म्हणाली. लवू खळ्यात बसून ते ऐकत होता.

मृत्यूची खबर पोलीस पाटलाकडे द्यावी लागते. तिचे दहन झाल्यावर दुसऱ्या सकाळी लवू ती द्यायला निघाला. बरोबर येतो म्हणणाऱ्यांना त्याने येऊ दिले नाही. पाटलाने वही उघडली. मयताचे नाव : नर्मदा लवू खवणेकर. वय : अदमासे पन्नास. मृत्यूचे कारण : ताप. खबर देणार : लवू आत्माराम खवणेकर. मयताशी नाते : पती. पाटलाने वारस विचारले. लवूने थोडा विचार केला आणि कोणी नाही म्हणून सांगितले. नातवंडे खारेपाटणची होती. पाटलाने त्या रकान्यात आडवी रेघ ओढली, शाई टिपली आणि लवूपुढे वही सही करायला सरकवली.

पाटलाचे घर सड्यावर, वरच्या कातळमाळावर, आहे. खडपेवाडीपासून दीड मैल, सगळी चढण. लवू ती चढून आला होता आणि वाटेत कुठे बसला नव्हता.